मेहनत कोणाची, मोबदला कोणाला?

स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा भासांबद्दल फारसं बोलत नाहीत. गोळ्यांनी ते बरेचसे आटोक्यात आलेले असतात. तक्रार एकच : "दिवसभर नुसता पडून असतो हो, आंघोळीलासुद्धा दहादा उठवावं लागतं." मी व्यवसायोपचार करते, माणसाला पुन्हा हालतं करणं हे माझं काम. या कामाचा इतिहास मात्र सरळ नाही.

जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा इच्छाशक्ती खचणं हे त्यांनी आजाराच्या गाभ्यातच धरलं. मग पडून राहणाऱ्याला उठवायचं कशाला? १९०५ मध्ये वेस्टफेलियातल्या वार्स्टाइन इथे नव्या मनोरुग्णालयाचं बांधकाम चालू होतं आणि मजूर कमी पडत होते. डॉक्टर हेरमान सिमोन यांनी नाइलाजाने रुग्णांनाच कामाला लावलं. बिछान्यात डांबलेली माणसं बाहेर आल्यावर शांत झाली. पुढे ग्युटर्सलो इथे सिमोन यांनी रुग्णालयाचा सगळा दिवसच कामाभोवती आखला. १९२९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ही पद्धत युरोपभर गेली.

पण जो समाजाच्या उपयोगी नाही तो समाजावर ओझं, असंही सिमोन मानत. नाझींनी पुढे याच विचाराचं टोक गाठलं. १९३९ पासून जर्मन रुग्णालयांना भरायला दिलेल्या अर्जांत रुग्ण कोणतं काम करतो, याची नोंद मागितली होती. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले. कालपर्यंत औषध असलेलं काम आता कोणी जगावं हे ठरवू लागलं होतं. आमच्या शाखेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवायला हवं, असं मला वाटतं.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी नेदर्न, सेव्हरल्स आणि मॅपर्ली या तीन रुग्णालयांतल्या, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या स्त्रियांचा काही वर्षं पाठपुरावा केला. दिवसातले किती तास काहीही न करता जातात, हे त्यांनी मोजलं. १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे रिकामे तास कमी झाले, त्यांच्यातच सुधारणा सर्वांत ठळक होती. म्हणजे निरिच्छपणाचा काही भाग त्या वॉर्डांनीच निर्माण केलेला होता.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या अ‍ॅना राज्य रुग्णालयात आयलॉन आणि अझ्रिन यांनी १९६१ पासून टोकन देण्याचा प्रयोग केला. स्वयंपाकघरात, धुलाईघरात काम केलं की टोकन. टोकनांवर स्वतंत्र खोली, बाहेर फेरफटका, दुकानातल्या वस्तू. काम न करताही टोकन मिळू लागली की काम घसरे, पुन्हा कामावर मिळू लागली की वाढे. मोबदला दिसला की ही माणसं उठत होती. पण अशी कितीतरी रुग्णालयं रुग्णांच्या फुकट श्रमावरच चालत आली होती. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा रुग्णांनाही लागू होतो, असं सांगितलं. तेव्हा पैसे मोजण्यापेक्षा काम बंद करणं अनेक रुग्णालयांना सोयीचं वाटलं.

२०१३ मध्ये बाल्टिमोरच्या जेम्स गोल्ड यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. थोड्या वेळा बटण दाबून कमी पैसे, की पुष्कळ वेळा दाबून जास्त? निरिच्छपणा अधिक असलेल्या रुग्णांनी जास्त पैसे समोर असतानाही कष्टाचा पर्याय कमी वेळा निवडला. पैसे त्यांना समजत होते, बोटंही चालत होती. मेहनतीची किंमत आणि फळाचं मोल यांचा मेळ मात्र बसत नव्हता.

म्हणून "मनावर घे" या उपदेशाचा उपयोग होत नाही. काम लहान करावं लागतं, फळ लवकर द्यावं लागतं आणि ते त्याच्याच हातात पडावं लागतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णालयात सक्तीच्या कामाला मनाई केली आहे आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला हा हक्क ठरवला आहे. घराला हा कायदा लागू नाही. तरी घरच्या दुकानात चार तास बसणाऱ्या मुलाला पगार द्या, असं मी सांगते, तेव्हा बाप हसतो आणि म्हणतो, "घरच्याला कसला पगार?" मी मात्र रक्कम ठरवल्याशिवाय त्यांना उठू देत नाही.