टांकसाळदोष, आधुनिक नाण्यांवरील

धातूची चकती कापण्यापासून तिच्यावर ठसा उमटेपर्यंतच्या यांत्रिक क्रियेत बिघाड होऊन नाण्यावर राहिलेले आणि तपासनिसाच्या नजरेतून निसटून चलनात गेलेले वैगुण्य. टांकसाळीबाहेर नाण्यास झालेली इजा या संज्ञेत येत नाही.

हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांना ही संज्ञा लागू पडत नाही. उदा., मोगल व पुढे निजामी अमदानीत एलिचपुरास (हल्लीचे अचलपूर, जि. अमरावती) टांकसाळ होती. तेथील रुपयांवर फार्सी लेखाचा काही भाग चकतीबाहेर गेलेला दिसतो. परंतु ठसा चकतीहून मोठा आणि घाव हाताचा, म्हणून तो त्या काळचा शिरस्ताच होय. यंत्राच्या दाबाखाली कड्यात बसवून पाडलेल्या आजच्या नाण्यावर मात्र तेच लक्षण दोष ठरते.

परीक्षेस भिंग व सूक्ष्म तोलकाटा पुरतात. २०११ च्या मालिकेतील एक, दोन व पाच रुपयांच्या नाण्यांची विहित वजने अनुक्रमे ३.७९, ४.८५ व ६ ग्रॅम आहेत. धातूच्या पट्टीच्या टोकावर किंवा आधीच्या छिद्रावर काप पडून चकती अपुरी कापली गेली असेल, तर वजन घटतेच, शिवाय तुटीच्या नेमक्या समोरची कडही बहुधा फिकी उठते. कानशीने घासलेल्या नाण्यात ही दुसरी खूण सापडत नाही. वरच्या व खालच्या कडेस चिमटीत धरून नाणे फिरवले असता मागची बाजू सुलट न येता तिरपी वा उलटी आली, तर ठसा फिरलेला समजावा.

संग्राहक ज्यास ‘लखी’ म्हणतात तो प्रकार विशेष लक्षणीय आहे : पाडलेले नाणे ठशासच चिकटून राहते, आणि पुढील चकतीच्या एका बाजूस उठावदार तर दुसऱ्या बाजूस तीच आकृती खोलगट व आरशातल्यासारखी उमटते. दोन नाणी शेगड्यात दाबून याची नक्कल करतात. पण तशा नाण्यात मूळ चित्राचे अवशेष खोलगट आकृतीखाली राहतात व पाठीमागचा उठाव चेपलेला असतो. रुळावर ठेवून चपटे केलेले नाणे आकाराने पसरते, मात्र त्याची अक्षरेही ताणली जातात. कड्याबाहेर ठसा बसून पसरलेल्या अस्सल नाण्याची मधली अक्षरे रेखीव राहतात.

भेद म्हणजे दोष नव्हे. मुंबईचा हिरकणीचा आकार, हैदराबादची चांदणी व नोएडाचा ठिपका या टांकसाळखुणा होत; कलकत्त्याच्या नाण्यावर खूणच नसते, तेव्हा तिच्या अभावी नाणे दुर्मिळ ठरत नाही. दहा रुपयांची चौदाही नमुन्यांची नाणी ग्राह्य असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला, इतका या बाबतीत बाजारांत घोळ होता. मूल्याविषयी तर अतिशयोक्तीच फार : ठसा जुना झाल्याने पडलेली बारीक चीर सामान्य असून तिच्यासाठी लाखांची मागणी हास्यास्पद आहे, आणि जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचे नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे.