रोकोको खुर्च्या, चित्रजवनिकेच्या

पाठीवर व बैठकीवर विणलेली चित्रे ताणून बसवलेल्या, कोरीव लाकडी हातांच्या खुर्च्या. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत (१७१५–७४) उमरावांच्या दिवाणखान्यांत त्यांना मानाची जागा मिळाली. सपाट पाठीची ‘आ ला रेन’ भिंतीलगत मांडत. वळणदार पाठीची ‘कॅब्रिओले’ गप्पांच्या ओघात हवी तिथे ओढून घेत.

सांगाडा : बीच किंवा अक्रोडाचा, बाकदार पायांचा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला. हात पुढच्या पायांच्या मागे घेतलेले असतात. बायकांच्या घेरदार झग्यांसाठी, असे कारण सहसा दिले जाते.

कापड : खुर्चीचे खरे मोल येथेच. गोबलँ, बोव्हे व ओब्यूसाँ ही प्रमुख केंद्रे. बोव्हे येथे आडव्या मागावर काम चाले. रंगीत नमुना ताण्याखाली अंथरलेला असे आणि विणकर उलट्या बाजूने विणत जाई, म्हणून तयार चित्रात डावे-उजवे पालटते. लोकर व रेशीम मिळून विणीत. रंग बदलताना राहिलेल्या फटी मागाहून शिवून घेत. चित्रकार जाँ-बातिस्त ऊद्री १७३४ मध्ये बोव्हेचा प्रमुख झाला. पशुपक्षी हा त्याचा हातखंडा विषय. ला फोंतेनच्या बोधकथांवरील त्याची चित्रे खुर्च्यांवर वारंवार दिसतात.

कोपनहेगनचा संच : डेन्मार्कचे पॅरिसमधील राजदूत व पुढे परराष्ट्रमंत्री झालेले बॅरन बर्नस्टॉर्फ यांनी आपल्या वाड्यासाठी १२ खुर्च्या व २ कोच करवून घेतले (सु. १७५४–५६). सांगाडे निकोला-किनिबेर फोलिओचे, कापड बोव्हेचे, रेखन ऊद्रीचे. भिंतींवरचे पडदेही बोव्हेचेच होते, पण बूशेच्या चित्रांवरून विणलेले. भिंत व बैठक एकाच वीणघराची, अशी ही योजना. संच आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

इंग्लंड : क्रूम कोर्ट या वाड्यातील खुर्च्यांना गोबलँचे कापड, शैली मात्र नवअभिजाततेकडे झुकलेली.

काळनिश्चिती : कापड विरले की बदलत आणि जुने कापड नव्या सांगाड्यावरही चढवत. एकोणिसाव्या शतकात नकलाही पुष्कळ झाल्या. त्यामुळे सांगाड्यावरील कारागिराचा शिक्का सांगाड्यापुरताच पुरावा ठरतो. कापडाचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.