उसाची ट्रॉली कोण ओढतो? मराठवाड्यात पेट्रोल मागे पडले आणि डिझेल आले त्याची कथा

गळीत हंगाम सुरू झाला की सोनपेठ तालुक्यातील रस्त्यांवर एकच दृश्य दिसते. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि तोंड सायखेड्याच्या साखर कारखान्याकडे. त्यांच्या आगेमागे टायरच्या बैलगाड्या आणि ट्रकही असतात. बैल सोडले तर या रांगेतील प्रत्येक वाहन डिझेलवर चालते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी या भागात ‘मोटार’ म्हणजे पेट्रोलवर चालणारे वाहन असाच अर्थ होता. ओझे ओढण्याच्या कामातून पेट्रोल बाजूला कसे पडले?

आधी ओझ्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ऊस तोडल्याक्षणी तो मरू लागतो. तोडणी आणि गाळप यांत जितके तास जातात तितकी त्यातील साखर घटते आणि मोळी सुकून वजनही उतरते. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या वजनाचे. वाटेत बंद पडलेली गाडी म्हणूनच त्याच्या वर्षभराच्या मेहनतीला लागलेली गळती ठरते. त्यात गोदावरीच्या खोऱ्यातील जमीन काळी आणि खोल. पाऊस लांबला किंवा उसाला नुकतेच पाणी दिलेले असले की फडातून रस्त्यापर्यंतचे पहिले शे-दोनशे पावलांचे अंतर पुढच्या वीस किलोमीटरपेक्षा अवघड होते. येथे इंजिनाची खरी परीक्षा वेगात होत नाही. भरलेले ओझे जागचे हलवण्यात होते.

या प्रदेशात मोटारी आल्या त्या निजामाच्या राजवटीत. सोनपेठ तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्तेवाहतूक विभाग २७ बसगाड्यांनिशी सुरू केला. ब्रिटिश मुलखात जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला चालू होता आणि फोर्डच्या गाड्याही मुंबईत जुळवल्या जात. शेवर्ले, फोर्ड, डॉज, फार्गो ही त्या काळच्या मालमोटारींची नावे. जवळजवळ सगळ्या पेट्रोलवर चालत, कारण त्या जेथे घडल्या त्या अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि मुबलक होते. आजही तेथला पिकअपचा मालक नाव किंवा फिरते घर मागे जोडण्यासाठी पेट्रोलचे इंजिन घ्यावे की डिझेलचे, याचा विचार सवडीने करतो. दोन्ही पर्याय त्याच्या दुकानात उभे असतात. आपल्याकडे असा प्रश्न ग्राहकापुढे फारसा आलाच नाही. तो आधीच, आणि दुसरीकडेच, सुटला होता.

दोन इंजिनांतील फरक थोडक्यात असा. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. ते फार दाबता येत नाही. दाबले तर वेळेआधीच पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनात फक्त हवाच दाबली जाते. तीही इतकी, की ती प्रचंड तापावी. मग तिच्यात इंधन सोडले की ते ठिणगीवाचून पेटते. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सहा-सात पट दाबली जाई, तर डिझेलमध्ये पंधरा-वीस पट. परिणामी त्याच इंधनातून अधिक काम निघते, आणि लिटरमागे डिझेलमध्ये उष्णताही दहा-पंधरा टक्के जास्तच असते. ओढण्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे डिझेलचा जोर कमी फेऱ्यांवरच येतो. पेट्रोलच्या इंजिनाला जोर आणण्यासाठी पळवावे लागते. डिझेल सावकाश फिरत असतानाच रेटा देते. बैलाची ओढ आणि घोड्याची धाव असा हा भेद आहे.

मग सुरुवातीलाच डिझेल का आले नाही? कारण ते जड आणि महाग होते. एवढ्या दाबाच्या हवेत इंधनाचा नेमका थेंब नेमक्या क्षणी सोडणारा पंप बनवणे हे घड्याळजीच्या तोडीचे काम. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, तेव्हा कुठे डिझेल ट्रकच्या बॉनेटखाली मावू लागले. भारतात याच बॉशच्या सहकार्याने बंगळूरला मायको कंपनी उभी राहिली ती १९५१ साली.

दरम्यान दुसरे महायुद्ध झाले. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर बस चालवण्याचा तो खटाटोप जुन्या पिढीच्या आठवणीत पुष्कळ दिवस टिकला. इंजिन पेट्रोलचेच, पण जोर निम्म्यावर. चढ आला की उतारूंनी खाली उतरावे. बाहेरून येणाऱ्या महाग इंधनावर वाहतूक उभी करण्याचा धोका देशाला या काळात कळला.

इतिहासाच्या पुस्तकांत सहसा न येणारी एक गोष्ट मात्र याच सुमारास विहिरींवर घडत होती. साताऱ्याचे कूपर आणि किर्लोस्करवाडी-पुण्याचे किर्लोस्कर यांची ऑइल इंजिने मोटेची जागा घेऊ लागली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनीच निघाली. विहिरीवरचे ते ‘इंजिन’ म्हणजे डिझेलचेच इंजिन. त्याच्यासाठी गावोगाव फिटर तयार झाले, नोझल साफ करणारे हात तयार झाले, बाजाराच्या गावी सुटे भाग मिळू लागले आणि पिंपातले ‘क्रूड’ खेड्यापर्यंत पोचले. ट्रक आणि ट्रॅक्टर आले तेव्हा त्यांची दुरुस्ती जाणणारा माणूस आधीच तेथे होता. ग्रामीण महाराष्ट्रात डिझेल रस्त्यावरून आले असे समजणे चुकीचे ठरेल. ते विहिरीच्या काठावरून आले.

वालचंद हिराचंदांचे उदाहरण या वळणावर बोलके आहे. रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने उभारणाऱ्या या सोलापूरच्या उद्योजकानेच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि फार्गो ट्रकांची जुळणी सुरू झाली. पुढे या ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसू लागले. अमेरिकन सांगाड्यात इंग्रजी डिझेल इंजिन हे मिश्रण त्या संक्रमणकाळाची खूणच म्हणावी लागेल.

निर्णायक वर्ष १९५४. टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. ते डिझेलचेच होते. आदल्याच वर्षी सरकारने धोरण ठरवले होते, की वाहनाचे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवणाऱ्यांनाच येथे जागा. केवळ जुळणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्याबरोबर अमेरिकन पेट्रोल ट्रकांचा ओघही आटला. हा पराभव रस्त्यावरच्या शर्यतीत झाला नाही, दिल्लीतील एका धोरणामुळे झाला, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. त्यानंतर करांनी उरलेले काम केले. पेट्रोल हे श्रीमंतांचे आणि डिझेल हे मालवाहतुकीचे व शेतीचे इंधन मानून दोहोंच्या किमतींत दीर्घकाळ अंतर राखले गेले. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली नियंत्रणमुक्त झाले, तोवर दोन पिढ्यांची सवय पक्की झाली होती.

सोनपेठच्या परिसरात उसाचे क्षेत्र वाढले ते जायकवाडी आणि माजलगाव प्रकल्पांच्या पाण्यानंतर. नाथसागराचे लोकार्पण १९७६ सालचे. म्हणजे येथे ऊस मोठ्या प्रमाणावर आला तेव्हा ट्रॅक्टरही डिझेलवर स्थिरावला होता. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले ते १९६३ साली. नांगरटीसाठी घेतलेला ट्रॅक्टर हंगामात वाहतुकीला लावायचा आणि त्यावर कर्जाचा हप्ता भागवायचा, हे गणित त्यातून जमले. मात्र ते नाजूक आहे. वाहतूकदार कारखान्याकडून उचल घेतो, ती मुकादमाला देतो, मुकादम तोडणीची टोळी आणतो. टोळी आलीच नाही तर ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि हप्ता थकतो. इंजिनात कितीही ताकद असली तरी फडात कोयता चालल्याशिवाय ओढायला काही नसते.

आता चित्र पुन्हा हलते आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी डिझेल ट्रकच्या धुराड्यात महागडी यंत्रणा बसवली. ट्रॅक्टरचे नियम वेगळे असल्याने तो तुलनेने साधा राहिला. रस्त्यावर सीएनजीचे ट्रक दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या इंजिनात गॅस पेटवायला ठिणगी लागते. म्हणजे स्पार्क प्लग मागच्या दाराने मालवाहतुकीत परतला आहे. उसापासून तयार होणाऱ्या इथेनॉलची गोष्ट तर त्याहून गमतीची. ते पेट्रोलमध्ये सहज मिसळते आणि देशात हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे; डिझेलशी मात्र त्याचे नीट जमत नाही. त्यामुळे ऊस कारखान्यात पोचवतो डिझेलचा ट्रॅक्टर, आणि त्याच उसाच्या इथेनॉलवर पळते ती त्याला मागे टाकून पुढे जाणारी मोटारसायकल.