मंगलमागचा हात

पूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्यात उघडलं की नुसता कचरा दिसायचा. २००० साली विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला आणि चित्र बदलू लागलं. तो घडवला र. कृ. जोशींनी. सुलेखनकार, कवी, जाहिरातक्षेत्रात मुरलेले, नंतर पवईच्या आयआयटीत शिक्षक.

युनिकोडमध्ये 'क्ष' साठवला जातो तो क, हलंत, ष असा. त्यांचं जोडाक्षर कसं दिसावं, हे फॉन्ट ठरवतो. म्हणजे बोरूचं वळण इथे चक्क लॉजिकमध्ये उतरवावं लागतं! डिझाइन म्हणजे शेवटी फासलेला रंग नव्हे, हे मला इथे पटतं.

२००८ साली जोशी गेले. फॉन्टच्या यादीत फक्त 'मंगल' दिसतं. त्यामागचं नाव आपणच लक्षात ठेवायचं.