जुन्या बंदुकांवरील गंज : स्वच्छता आणि ऐतिहासिक पुरावा

ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकी बंदुकांवर, चापाच्या यंत्रणेच्या लोखंडी पट्टीवर, आरंभी कंपनीचे हृदयाकृती चिन्ह कोरलेले असे. 1808 च्या सुमारास त्याची जागा मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. हृदयचिन्हाची बंदूक 1803 च्या असईच्या रणांगणावर असू शकते. सिंहचिन्हाची तेथे असणे संभवत नाही. हा सारा निर्णय ज्या खुणेवर अवलंबून आहे, तिची खोली केसाएवढीच असते. तार-ब्रश आणि आम्ल यांच्या साहाय्याने ती अर्ध्या तासात नाहीशी होते. म्हणून गंज काढण्याचा प्रश्न केवळ देखभालीचा नसून इतिहासाच्या साधनांचा आहे.

चकाकीचा हव्यास मात्र नवा नाही. ब्रिटिश सैनिक विटेच्या पुडीने नळ्या घासून लखलखीत ठेवीत आणि त्यामुळे त्या झिजत. पुढे 1815 च्या सुमारास नळ्यांना तपकिरी रंग देण्याचे धोरण त्या लष्कराने स्वीकारले. बेकर रायफलीच्या नळीला तो 1800 पासूनच दिला जात होता. हा रंग म्हणजे मुद्दाम चढवून आवरलेला गंजच होय! ज्याला आज मळ समजून खरवडले जाते, तो कित्येकदा कारागिराचा मूळ लेप असतो. आपल्याकडेही खंडेनवमीला शस्त्रे उजळून पूजण्याची प्रथा आहे. तिच्यामागील भाव आदराचा असला, तरी दरवर्षीचे घासणे धातूला मानवणारे नव्हे.

तोडेदार बंदुकांची स्थिती अधिक नाजूक आहे. काहींच्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, सांधून घडविलेल्या असतात; काहींवर कोफ्तगरी असते. कोफ्तगरीत लोखंडावर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवितात. खालचे लोखंड गंजले की सोने सुटू लागते. अशा ठिकाणी घासल्यास गंजाबरोबर नक्षीही जाते.

कामाचा आरंभ सुरक्षिततेपासून व्हावयास हवा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार शिल्लक असू शकतो आणि कोरडी राहिलेली काळी दारू दीर्घकाळानंतरही पेट घेते. नळीत लाकडी काठी अलगद घालून तोंडाशी खूण करावी व तीच लांबी बाहेरून कानाच्या छिद्रापर्यंत ताडून पाहावी. काठी अलीकडेच थांबली, तर तेथेच काम थांबवून जाणकाराला बोलवावे. उष्णता कदापि देऊ नये. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर साध्या पृष्ठावर हलके खनिज तेल लावून काही दिवस मुरू द्यावे आणि मऊ झालेला तांबूस गंज लाकडाच्या चपट्या कडेने काढावा. घट्ट, गडद थर जसाच्या तसा राहू द्यावा. दस्त्याच्या लाकडाला तेल लागू नये.

दारूच्या राखेतील क्षार आणि कोकणातील खारी हवा ओलावा ओढून घेतात. त्यामुळे स्वच्छ केलेली नळीही पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा गंजू शकते. मेणाचा पातळ थर व कोरडे कपाट यांची तजवीज आधी करूनच घासकामाला हात घालावा.