अर्ध्या तासाचे तळण

हाडासकट कोंबडीचा तुकडा पिठात घोळवून बिडाच्या कढईत तळायला टाकला, की आतपर्यंत शिजून बाहेरून खरपूस व्हायला त्याला साधारण अर्धा तास लागतो. आच वाढवली तर पीठ करपते आणि हाडापाशी मांस कच्चे राहते. अमेरिकेत तळलेल्या कोंबडीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला या अर्ध्या तासाशी झगडावे लागले. आज केएफसी, चर्चेस, पॉपाइज आणि चिक-फिल-ए या साखळ्यांच्या चवीत आणि दर्जात जो फरक जाणवतो, तो बराचसा त्या झगड्यात कोणी काय राखले आणि काय सोडले यातून आलेला आहे.

हा पदार्थ अमेरिकेच्या दक्षिणेचा. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ सालच्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात त्याची कृती आहे: तुकडे पिठात घोळवायचे, मीठ लावायचे, उकळत्या चरबीत तळायचे. पुस्तकावर नाव गोऱ्या मालकिणीचे असले, तरी त्या काळी अशा घरांतली चूल सांभाळत होत्या गुलाम कृष्णवर्णीय स्त्रिया. व्हर्जिनियात १६९२ च्या कायद्याने गुलामांना घोडे, गुरे, डुकरे बाळगायला बंदी झाली. कोंबडी मात्र त्या यादीत नव्हती. त्यामुळे कोंबड्या पाळणे, विकणे आणि रांधणे हे कौशल्य त्यांच्या हाती राहिले. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर त्याचाच उघड धंदा झाला. गाडी थांबली, की कृष्णवर्णीय बाया डोक्यावर तबके घेऊन फलाटावर यायच्या आणि खिडकीतून तळलेली कोंबडी विकायच्या. गाड्यांना भोजनाचे डबे जोडले गेले, गावाने नियम आणि शुल्क लादले, आणि हा व्यवसाय ओसरला. तळलेल्या कोंबडीच्या झटपट विक्रीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या बायांपासून करायला हवी. नंतरच्या कंपन्यांच्या जाहिरातींत त्यांना जागा मिळाली नाही. उलट १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेल्या एका उपाहारगृहाने कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवीच आपल्या नावात घेतली आणि दाराशी त्यांचे विद्रूप व्यंगचित्र उभारले.

तेव्हा कोंबडी हे रविवारचे, पाहुण्यांसाठीचे अन्न होते. अंड्यांसाठी पाळलेल्या कळपातून निघेल तेवढेच मांस बाजारात यायचे. १९२३ मध्ये डेलावेअरमधल्या सेसिल स्टील यांनी ५० पिल्ले मागवली, चुकून ५०० आली, आणि त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. ब्रॉयलर व्यवसायाची सुरुवात सहसा या प्रसंगापासून मोजतात. १९४८ मध्ये ‘उद्याची कोंबडी’ या नावाच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली, तीही डेलावेअरमध्येच. रुंद छातीचा, लवकर वाढणारा पक्षी निवडणे हा तिचा हेतू होता. त्यातून कोंबडी स्वस्त झाली, कोवळी झाली आणि लवकर शिजू लागली. तिची स्वतःची चव मात्र फिकी पडली, आणि म्हणून मसाल्याचे महत्त्व वाढले.

पुढे केएफसी उभारणाऱ्या हार्लंड सँडर्स यांनी १९३० मध्ये केंटकीतल्या कॉर्बिनजवळ पेट्रोल पंप चालवताना वाटसरूंना जेवण द्यायला सुरुवात केली. राज्याच्या गव्हर्नरांनी १९३५ मध्ये त्यांना ‘केंटकी कर्नल’ हा मानाचा किताब दिला. सैन्यातल्या हुद्द्याशी त्याचा संबंध नाही. सँडर्स कढईतच तळत, आणि गिऱ्हाईक अर्धा तास ताटकळे. आधी तळून ठेवले तर उरलेले वाया जाई. तेलात बुडवून तळणे जलद होते, पण त्यांना ती चव पसंत नव्हती. १९३९ मध्ये त्यांच्या हाती प्रेशर कुकर आला. भाजी-डाळीसाठी बनवलेल्या त्या भांड्यात त्यांनी तेल घालून कोंबडी तळली. बंद भांड्यात दाब वाढला, की मांसातले पाणी अधिक तापमानाला उकळते. त्यामुळे तुकडा लवकर शिजतो आणि रस आत टिकतो. तळण्याचा वेळ आठ-नऊ मिनिटांवर आला. दाबाखाली कढत तेल हा जिवाशी खेळ होता. त्यासाठी खास बनवलेली सुरक्षित यंत्रे १९५० च्या दशकात बाजारात आली. सँडर्स यांच्या अकरा मसाल्यांच्या मिश्रणाची चर्चा पुष्कळ होते, पण त्यांचे खरे मोठे काम हा कुकर आहे.

१९५२ मध्ये पीट हार्मन यांनी सँडर्स यांची कृती सॉल्ट लेक सिटीत विकायला घेतली आणि ‘केंटकी फ्राइड चिकन’ (आजचे केएफसी) हे नाव तिथे पाटीवर चढले. नवा महामार्ग कॉर्बिनला बगल देऊन जाणार असे ठरल्यावर सँडर्स यांनी आपले उपाहारगृह विकले आणि साठी उलटून गेलेली असताना ते कुकर व मसाला गाडीत घालून गावोगाव फिरले. दर कोंबडीमागे काही सेंट, एवढाच त्यांचा करार असे. १९६४ मध्ये त्यांनी कंपनी २० लाख डॉलरना विकली. तेव्हा सहाशेहून अधिक ठिकाणी ही कोंबडी मिळत होती. नव्या मालकांना त्यांची ग्रेव्ही फार वेळखाऊ वाटली आणि त्यांनी ती सोपी केली. सँडर्स यांनी तिला जाहीरपणे भिंतीला कागद चिकटवायच्या खळीची उपमा दिली. त्यावरून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या शाखेने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. १९७८ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. पाटीवर ज्याचा चेहरा आहे तोच माणूस दर्जासाठी इतक्या कळवळ्याने भांडतो, असे उदाहरण या धंद्यात विरळाच.

चर्चेसची सुरुवात १९५२ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत, अलामो या ऐतिहासिक वास्तूसमोर झाली. जॉर्ज चर्च यांनी मोठे तुकडे, कमी पैसे आणि सोबत हालापेन्यो मिरची एवढ्यावर धंदा उभा केला. अल कोपलँड यांनी १९७२ मध्ये न्यू ऑर्लीन्सजवळच्या अराबी गावात काढलेले दुकान सौम्य चवीमुळे चालेना, तेव्हा त्यांनी लुइझियानाच्या तिखट वळणाचा मसाला घेतला आणि नाव बदलून पॉपाइज केले. तिथे तुकडे बराच वेळ मसाल्यात मुरतात आणि उघड्या तेलात तळले जातात. म्हणून पॉपाइजचे कवच जाड, खडबडीत, कुरकुरीत असते आणि मसाला मांसापर्यंत पोचलेला असतो. केएफसीच्या मूळ कृतीचा तुकडा दाबाखाली शिजल्याने आत अधिक रसाळ राहतो, पण वाफेमुळे त्याचे कवच मऊ पडते. ही उणीव ओळखून केएफसीने १९७० च्या दशकात अधिक कुरकुरीत प्रकार वेगळा काढला.

ट्रूएट कॅथी यांनी अर्ध्या तासाचा प्रश्न हाड काढूनच सोडवला. अटलांटाजवळच्या हेपव्हिलमध्ये त्यांना विमान कंपनीच्या जेवणाच्या ताटांच्या मापात न बसणारे छातीचे तुकडे मिळत. ते दाबाखाली चार मिनिटांत तळून १९६४ मध्ये त्यांनी पावात घातले. १९६७ मध्ये पहिले चिक-फिल-ए उघडले. शेंगदाण्याच्या तेलात तळलेला हा तुकडा जवळजवळ सगळीकडे सारखाच लागतो, हे त्याचे बलस्थान. हाडाजवळच्या मांसाची गोडी मात्र त्याला नाही. पावात घातलेल्या तुकड्याची ही कल्पना इतरांनीही उचलली: ऑगस्ट २०१९ मध्ये पॉपाइजने आपले सँडविच आणले तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि दोनेक आठवड्यांत साठा संपला.

हाडासकट तुकडा विकणाऱ्या साखळ्यांत मात्र एकाच नावाच्या दोन शाखांमध्येही दर्जा बदलतो. तेल किती जुने आहे, पीठ हाताने नीट लावले की घाईने, आणि तळलेला तुकडा गरम कपाटात किती वेळ पडून राहिला, यावर ते ठरते. कपाटात कवच ओलसर होते आणि मांस सुकते. गर्दीच्या शाखेत तुकडा कढईतून थेट हातात येतो आणि बहुधा तोच चांगला निघतो.