परतीचा हक्क : मनोरुग्ण, कायदा आणि कर्जत

रुग्णालयातील वास्तव्यात रुग्णाला कोणते हक्क असतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः माहिती, संमती आणि गोपनीयता या शब्दांत दिले जाते. या हक्कांच्या मुळाशी एक गृहीतक असते : रुग्णाला नाव आहे, त्याचा शब्द ग्राह्य आहे आणि बरे झाल्यावर जावयास घर आहे. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच उरलेले नाही, त्या निराधार मनोरुग्णाच्या बाबतीत हक्कांची खरी कसोटी लागते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात त्या कसोटीचे एक लक्षणीय उदाहरण आढळते.

कायद्याने या रुग्णाकडे प्रथम पाहिले ते बंदोबस्ताचा विषय म्हणून. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) व ठाणे (१९०१) येथील इस्पितळे त्यानंतरची होत. १९१२ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा अधिकार पोलिसांना दिला. प्रवेशाची रीत अशी तपशिलाने ठरलेली होती. सुटका मात्र बहुतांशी निरीक्षक, नातलग वा अधिकारी यांच्या निर्णयाने होई. 'ठाण्याला पाठवणे', 'येरवड्याला पाठवणे' हे मराठीतील थट्टेचे वाक्प्रचार या संदर्भात बोलके आहेत. त्यांत पाठवणे आहे. परत आणणे नाही. १९८७ च्या कायद्याने जुनी संज्ञा टाकून 'मानसिक रुग्ण' ही संज्ञा स्वीकारली, परंतु भटक्या रुग्णाची वाट अद्याप मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातूनच जात होती. नाव बदलले, नाते बदलले नाही.

डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी 'श्रद्धा' या संस्थेचे काम सुरू केले. २००६ मध्ये कर्जतनजीक वेणगाव येथे तिचे मोठे केंद्र उभे राहिले. या केंद्राचे वैशिष्ट्य असे की, तेथे वास्तव्य हे साध्य मानलेले नाही. उपचाराने रुग्ण सावरला की त्याच्या बोलण्यातून गाव, जिल्हा, आप्तांची नावे हळूहळू हाती लागतात, आणि सोबतीला माणूस देऊन त्याला घरी पोहोचवले जाते. रुग्ण देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले असल्याने त्याची भाषा ओळखणे हा येथे उपचाराचाच एक भाग ठरतो. १९८८ पासूनच्या तीन दशकांत सात हजारांहून अधिक रुग्ण अशा रीतीने स्वगृही परतले. या कार्याबद्दल २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अंमलात आला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणास रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे १९ वे कलम सांगते. रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती मिळणे, सक्तीने मुंडन न होणे, स्वतःचे कपडे वापरता येणे, केलेल्या कामाचा मोबदला मिळणे, बाहेरच्यांशी संपर्क ठेवता येणे हे आता हक्क आहेत. साखळीने बांधणे निषिद्ध आहे. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत साखळदंडांनी जखडलेले रुग्ण होरपळून मेले, हे आठवले म्हणजे या निषेधाचे मोल कळते.

तथापि एक पेच शिल्लक राहतो. रस्त्यावरील रुग्णास उचलून आणताना त्याची संमती बहुधा मिळत नाही. मग दयेच्या पोटी त्याच्या इच्छेचा लोप होत नाही काय? कायद्याने यावर मधला मार्ग काढला आहे. १०० व्या कलमान्वये पोलिसांनी अशा व्यक्तीस संरक्षणात घ्यावयाचे, कारण सांगावयाचे, कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे, आणि ती बेघर असल्यास तिच्या कुटुंबाचा शोध घ्यावयाचा. बोरघाटाच्या पायथ्याच्या कर्जतमधून मुंबई-पुणे लोहमार्ग जातो, तर शेजारच्या खालापुरातून जुना मुंबई-पुणे रस्ता व २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. अशा वाहत्या वाटांवरील पोलीस ठाण्यांवर हे कर्तव्य विशेष जबाबदारीने येते.

१९१२ मध्ये पोलिसांना मिळाला तो पकडण्याचा अधिकार होता. २०१७ मध्ये त्यांच्याकडे आले ते घर शोधण्याचे कर्तव्य. रुग्णहक्कांच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मोठे आहे. परंतु वेणगावचा अनुभव असे दाखवतो की, ते कर्तव्य पार पडावयाचे तर रुग्णाचे बोलणे असंबद्ध म्हणून बाजूस न सारता प्रथम ऐकून घ्यावे लागते. रुग्णाचे इतर सारे हक्क त्या ऐकण्यावर उभे आहेत.